जुने घर, नवे घर आणि मधले दिवस

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या पिढीने रूढ केली, त्या पिढीत माणूस बहुधा आयुष्यात एकदाच घर बांधीत असे. आज परिस्थिती निराळी आहे. नोकरीच्या आरंभी घेतलेले एका बेडरूमचे घर मुले मोठी झाली की अपुरे पडू लागते. गावाकडचे वृद्ध आईवडील राहावयास येतात आणि उद्वाहन नसलेल्या इमारतीचे तीन जिने त्यांना चढवत नाहीत. बदली, निवृत्ती, मुलांचे शिक्षण अशी कारणे अनेक. परंतु राहते घर विकून दुसरे घर घेण्याचा निर्णय मध्यमवर्गीय कुटुंबात आता अपवादात्मक राहिलेला नाही.

या निर्णयात वस्तुतः दोन स्वतंत्र व्यवहार असतात: एक विक्रीचा, दुसरा खरेदीचा. दोन्ही व्यवहार कायद्याच्या दृष्टीने एकमेकांस ओळखत नाहीत. आपल्या दृष्टीने मात्र पहिल्याचा पैसा हाच दुसऱ्याचा आधार असतो. ही सांगड नीट बसली नाही, तर एकतर डोक्यावर छप्पर राहत नाही किंवा डोक्यावर दोन घरांचे ओझे येते. ती सांगड कशी बसवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी मी गृहकर्ज विभागात काम करीत असताना डोंबिवलीतील एका दांपत्याचे कर्ज प्रकरण माझ्याकडे आले. गृहस्थ शिक्षक, पत्नी रुग्णालयात परिचारिका. जुने घर विकून ठाण्यात दोन बेडरूमचे घर घेण्याचा त्यांचा मानस होता. उत्पन्न स्थिर, परतफेडीचा इतिहास स्वच्छ, नव्या घराची कागदपत्रे निर्दोष. कर्ज विनासायास मंजूर झाले. नव्या घरासाठी त्यांनी तीन लाख रुपये इसार दिला होता आणि उर्वरित रक्कम साठ दिवसांत देण्याचे लिहून दिले होते. जुन्या घरालाही ग्राहक मिळालेला होता. त्याने एकावन्न हजार रुपये हातावर ठेवले होते आणि ‘कर्ज होऊन जाईल’ असा शब्द दिला होता.

ते कर्ज झाले नाही. जुन्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हते आणि ग्राहकाच्या बँकेने त्या कारणास्तव प्रकरण नामंजूर केले. हे कळले तेव्हा साठांपैकी एकेचाळीस दिवस उलटून गेले होते. उरलेल्या दिवसांत दुसरा ग्राहक मिळणे अशक्यच होते. नव्या घराच्या मालकाचेही पुढचे व्यवहार त्या रकमेवर अवलंबून असल्याने त्याने मुदत वाढविली नाही. बऱ्याच विनवण्यांनंतर तीन लाखांपैकी एक लाख परत मिळाला, दोन लाख गेले आणि घरही गेले.

आमच्या बाजूने काहीच चुकले नव्हते, असे तेव्हा कोणीही म्हणाले असते. तरी मला राहून राहून वाटत राहिले की, एक साधा प्रश्न मी विचारला नव्हता: “आमच्या कर्जाव्यतिरिक्तची रक्कम कोठून येणार, आणि नेमकी कोणत्या तारखेला?” त्यानंतर असे प्रकरण समोर आले की, उत्पन्नाचा दाखला पाहण्यापूर्वी मी हा प्रश्न विचारतो. पुढील विवेचन त्या एका प्रश्नाचाच विस्तार आहे.

तुटीचा खरा आकडा

बहुतेक कुटुंबे मनातल्या मनात एक वजाबाकी करतात: नव्या घराची किंमत उणे जुन्या घराची किंमत. ही वजाबाकी नेहमीच फसवी ठरते. त्या दांपत्याच्याच व्यवहाराशी मिळतेजुळते, आजच्या काळास धरून असलेले एक उदाहरण घेऊ.

जुने घर ६२ लाख रुपयांस विकले जाणार आहे आणि नवे घर ९५ लाखांचे आहे. सकृद्दर्शनी तूट ३३ लाखांची दिसते. आता विक्रीकडील हिशेब पाहू. जुन्या घरावरील कर्जापैकी ९ लाख फेडावयाचे बाकी आहेत. मध्यस्थाची दलाली १ टक्का, म्हणजे ६२,००० रुपये. वकील, सोसायटी व किरकोळ खर्च ३८,००० रुपये. म्हणजे हाती निव्वळ ५२ लाख येतील.

खरेदीकडे मुद्रांक शुल्क ७ टक्के धरले तर ६,६५,००० रुपये, नोंदणी शुल्क ३०,००० रुपये, दलाली ९५,००० रुपये, आणि रंगकाम, दुरुस्ती व सामानाची ने-आण यांसाठी २,१०,००० रुपये. एकूण गरज १ कोटी ५ लाखांची. त्यातून ५२ लाख वजा केले की खरी तूट ५३ लाखांची निघते. मनातल्या आकड्यापेक्षा ती तब्बल २० लाखांनी अधिक आहे.

वार्षिक ८.५ टक्के व्याजदराने आणि २० वर्षांच्या मुदतीने ५३ लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ४६,००० रुपये येतो. तो पेलवेल काय, याचा निर्णय घर पसंत करण्यापूर्वी व्हावयास हवा.

येथे एक बाब लक्षात ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरील कर्जात ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. शिवाय घराची किंमत १० लाखांपेक्षा अधिक असेल तर मुद्रांक व नोंदणी शुल्क या मूल्यात धरले जात नाही. हा खर्च स्वतःच्या खिशातूनच करावा लागतो, आणि तोही व्यवहाराच्या आरंभी.

आधी विक्री की आधी खरेदी?

या प्रश्नाला तीन उत्तरे आहेत. प्रत्येक उत्तर कोणत्या ना कोणत्या कुटुंबासाठी योग्य असते.

पहिला मार्ग आधी विक्री, मग खरेदी हा होय. यात हाती आलेली रक्कम निश्चित असते, दोन घरांचा भार पडत नाही आणि नव्या घराच्या मालकाशी बोलताना आपला शब्द वजनदार ठरतो. उणीव ही की, मधल्या काळात भाड्याने राहावे लागते. अनामत रक्कम, भाडे, दोनदा सामान हलविणे आणि मुलांच्या शाळेची गैरसोय हा त्या मार्गाचा खर्च होय. तो आधीच हिशेबात धरला, तर हा मार्ग सर्वांत सुरक्षित आहे. ज्यांच्या जुन्या घराच्या कागदपत्रांत काही त्रुटी आहे किंवा ज्यांची शिल्लक तुटपुंजी आहे, त्यांनी हाच मार्ग धरावा.

दुसरा मार्ग आधी खरेदी, मग विक्री हा. सोयीच्या दृष्टीने हा उत्तम; घर लावून झाल्यावर शांतपणे जुने घर विकता येते. पण त्यासाठी विक्रीची रक्कम येईपर्यंतची उणीव भरून काढावी लागते. ती भरून काढण्यासाठी काही बँका अल्पमुदतीचे पूरक कर्ज देतात. व्यवहारात ते ‘ब्रिज लोन’ या नावाने ओळखले जाते. त्याची मुदत सामान्यतः एक ते दोन वर्षांची असते आणि जुने घर विकले जाताच ते एकरकमी फेडावयाचे असते. आपल्या उदाहरणात ५२ लाखांचे पूरक कर्ज १० टक्के दराने घेतले असे मानले, तर केवळ व्याजच दरमहा सुमारे ४३,३०० रुपये होते. त्यात नव्या कर्जाचा ४६,००० रुपयांचा हप्ता मिळवला की दरमहाची रक्कम ८९,००० रुपयांच्या वर जाते. जुन्या कर्जाचा हप्ता आहे तो आहेच. तीन महिन्यांत विक्री झाली तर व्याजाचा भार १ लाख ३० हजार, वर्ष लागले तर ५ लाख २० हजार. म्हणून पूरक कर्ज हे ग्राहक ठरलेला असताना, कागदपत्रे पुरी होण्यास लागणाऱ्या काळापुरते घ्यावे. ग्राहक शोधण्यासाठी ते घेऊ नये. विक्रीला वेळ लागू लागला की व्याज चढत जाते आणि शेवटी माणूस घर पडेल त्या किमतीला विकून मोकळा होतो.

तिसरा मार्ग दोन्ही व्यवहार समांतर चालविण्याचा. प्रत्यक्षात बहुसंख्य कुटुंबे हाच मार्ग धरतात, कारण त्यांच्याजवळ भाड्याने राहण्याची तयारी नसते आणि दोन हप्ते पेलण्याची ऐपतही नसते. यात खर्च सर्वांत कमी, पण शिस्त सर्वांत अधिक लागते. पुढील भाग मुख्यत्वे या मार्गासाठी आहे.

ग्राहक येण्यापूर्वीची तयारी

विक्रीस सर्वाधिक विलंब लागतो तो कागदपत्रांमुळे, आणि तो विलंब ऐन मुदतीत उघड होतो. म्हणून जाहिरात देण्यापूर्वीच जुन्या घराची कागदपत्रे ग्राहकाच्या नजरेने तपासावीत. मूळ खरेदीचे करारनामे व त्यांच्या नोंदणीच्या पावत्या, पूर्वीच्या मालकांपासूनची साखळी, सूची क्रमांक दोनची प्रत, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा भाग दाखला, मालमत्ता कर व देखभाल खर्चाच्या ताज्या पावत्या या गोष्टी एका धारिकेत लावून ठेवाव्यात. घर वडिलांच्या नावे असेल आणि ते हयात नसतील, तर वारसांची नोंद व हक्कसोडपत्र आधी पूर्ण करावे. सहमालकांपैकी एखादा परदेशी असेल, तर त्याचे कुलमुखत्यारपत्र आणण्यास किती आठवडे लागतील हे विचारून घ्यावे.

महाराष्ट्रात सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र बँका मागतातच. व्यवस्थापक समितीची सभा महिन्यातून एकदाच होत असेल, तर तेवढा अवधी धरून चालावे. हस्तांतरणाचे अधिमूल्य सोसायटीला २५,००० रुपयांपेक्षा अधिक आकारता येत नाही, हेही सभासदांनी जाणून असावे.

जुन्या घरावर कर्ज बाकी असेल तर विक्री अडते, हा गैरसमज आहे. आपल्या बँकेकडून दोन पत्रे घ्यावीत: एकात फेडावयाची नेमकी रक्कम, दुसऱ्यात बँकेकडे असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी. ग्राहकाची बँक त्या रकमेचा धनादेश थेट आपल्या बँकेच्या नावे काढते, कागदपत्रे एका बँकेकडून दुसरीकडे जातात आणि उर्वरित रक्कम आपणास मिळते. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारण्यास २०१२ पासून मनाई आहे. आपण स्वतः कर्ज फेडून कागदपत्रे सोडवीत असाल, तर १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेला नियम उपयोगी पडतो: संपूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांच्या आत बँकेने मूळ कागदपत्रे परत करावयाची व बोजा उतरविल्याची नोंद करावयाची आहे, तिच्या दिरंगाईमुळे विलंब झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावयाची आहे. तरीही वेळापत्रकात ते ३० दिवस धरूनच ठेवावेत.

याच काळात नव्या घरासाठीच्या कर्जाची तत्त्वतः मंजुरी घेऊन ठेवावी. घर ठरण्यापूर्वी ती उत्पन्नाच्या आधारे मिळू शकते आणि आपली मर्यादा कोठे आहे हे कळते.

इसार आणि साठेखत: शब्दांची किंमत

समांतर व्यवहाराचा मूलमंत्र असा सांगता येईल की, जो शब्द आपल्याला मिळालेला नाही तो आपण दुसऱ्याला देऊ नये. आपल्या ग्राहकाचे कर्ज मंजूर झाल्याचे पत्र डोळ्यांनी पाहिल्याखेरीज नव्या घराचा मोठा इसार देऊ नये. मंजुरीपत्रही दोन प्रकारचे असते. केवळ उत्पन्नावर आधारलेली मंजुरी ही अर्धीच मंजुरी होय. आपल्या घराचा कायदेविषयक शोध अहवाल व मूल्यांकन झाल्यानंतरची मंजुरी ती खरी. डोंबिवलीच्या त्या दांपत्याला हा फरक कोणी सांगितला नव्हता.

तोवर नवे घर हातचे जाऊ नये म्हणून अल्प रक्कम देऊन इसारपावती करावी आणि तीत स्पष्ट लिहून घ्यावे की, ठरावीक दिवसांत साठेखत न झाल्यास रक्कम परत मिळेल किंवा तीतून अमुक एवढीच रक्कम कापली जाईल. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. ‘आमचे जुने घर विकले गेले तरच’ अशी अट विक्रेते सहसा मान्य करीत नाहीत. पण मुदत साठांऐवजी नव्वद दिवसांची करणे आणि विलंब झाल्यास ठरावीक व्याज देऊन आणखी तीस दिवस मिळणे, या दोन गोष्टी अनेक विक्रेते मान्य करतात. बोलणी किमतीवरच थांबवू नयेत. दहा-वीस हजार कमी करून घेण्यापेक्षा वाढीव तीस दिवस कित्येकदा अधिक मोलाचे ठरतात.

विक्रीच्या साठेखतात ग्राहकाकडून आरंभी किती रक्कम घ्यावयाची, हेही खरेदीवरून ठरवावे. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क साठेखताच्या वेळीच पूर्ण भरावे लागते. आपल्या उदाहरणात इसार ३ लाख, मुद्रांक शुल्क ६,६५,००० आणि नोंदणी ३०,००० मिळून ९,९५,००० रुपये जुन्या घराची मुख्य रक्कम येण्यापूर्वीच लागतात. ग्राहकाने १५ टक्के, म्हणजे ९,३०,००० रुपये दिले तर ६५,००० कमी पडतात; २० टक्के दिले तर १२,४०,००० मिळून काम भागते. मात्र ग्राहकाची ही रक्कम व्यवहार फिसकटल्यास परत करावी लागू शकते, हे विसरू नये. तेवढ्या रकमेची पर्यायी सोय, मग ती मुदत ठेवीवरील कर्जाची का असेना, डोळ्यांसमोर असावी.

पैसा आधी, ताबा नंतर

दोन व्यवहारांच्या तारखा एकच ठेवण्याचा मोह होतो. सकाळी एक खरेदीखत, दुपारी दुसरे आणि संध्याकाळी सामानाचा टेम्पो, हे चित्र मोहक खरे. परंतु दुय्यम निबंधक कार्यालयातील संगणक यंत्रणा बंद पडणे, धनादेशावर नाव चुकणे किंवा एखादा सहमालक आजारी पडणे यांपैकी एकही गोष्ट ते चित्र मोडून टाकते. म्हणून तारखांमध्ये हेतुपुरस्सर अंतर ठेवावे. विक्रीचा पैसा आधी यावा, जुन्या घराचा ताबा नंतर जावा आणि नव्या घराची खरेदी या दोहोंच्या मध्ये बसावी.

वेळापत्रक साधारण असे असू शकेल. पहिल्या दिवशी जुन्या घराचा इसार. विसाव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत ग्राहकाची पूर्ण मंजुरी आणि विक्रीच्या साठेखताची नोंदणी. त्यानंतर आठवड्याभरात नव्या घराचे साठेखत. पंचाहत्तराव्या दिवसाच्या सुमारास ग्राहकाच्या बँकेकडून रक्कम. ऐंशी ते पंचाऐंशी या दिवसांत नव्या घराची उर्वरित रक्कम व ताबा. नव्वदाव्या दिवशी जुन्या घराची किल्ली. नव्या घराच्या करारातील मुदत मात्र नव्वद अधिक तीस अशी असावी, म्हणजे एखादी गाठ न सुटल्यास हाताशी वेळ राहील.

पूर्ण पैसे देऊनही पंधरा दिवस ताबा न मिळणे ग्राहकाला रुचणार नाही, हे उघड आहे. त्याची काळजी रास्त आहे आणि तिला उत्तर देणे हे आपले काम आहे. एक-दोन लाख रुपये ताब्याच्या दिवशी देण्याचे ठरवावे, किंवा ताब्यास विलंब झाल्यास दर दिवसाला ठरावीक रक्कम देण्याचे आपणच लिहून द्यावे. त्याच्या बँकेची या व्यवस्थेस हरकत नाही ना, हे आधी विचारावे. आपणही दुसऱ्या व्यवहारात ग्राहकच आहोत, याचे भान ठेवले की दोन्ही बाजूंची बोलणी सोपी जातात.

कराची बाजू

राहते घर २४ महिन्यांहून अधिक काळ मालकीत असेल, तर विक्रीवरील नफा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा ठरतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दराने कर आहे व महागाई निर्देशांकाचा लाभ नाही. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, निर्देशांकासह २० टक्के दराने येणारा कर कमी असेल, तर तेवढाच द्यावा लागतो. आपल्या उदाहरणातील घर २००९-१० मध्ये १८ लाखांस घेतले व २०२५-२६ मध्ये विकले असे समजू. दलाली वजा जाता नफा ४३,३८,००० रुपये व त्यावर १२.५ टक्क्यांनी कर ५,४२,२५० रुपये. निर्देशांक १४८ वरून ३७६ झाल्याने जुन्या पद्धतीने खरेदी किंमत सुमारे ४५,७३,००० धरली जाते आणि कर सुमारे ३,१३,००० रुपयांवर येतो. उपकर यावर निराळा.

परंतु नवे घर घेणाऱ्यास हा कर बहुधा भरावाच लागत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ५४ या नावाने परिचित असलेली सवलत १ एप्रिल २०२६ पासून अमलात येणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्यातही आहे. तिच्यानुसार जुने घर विकण्यापूर्वी एक वर्षाच्या आत किंवा विकल्यानंतर दोन वर्षांच्या आत नवे घर विकत घेतले, अथवा तीन वर्षांत बांधले, तर नव्या घरात गुंतविलेल्या रकमेइतका नफा करमुक्त होतो. सवलतीची कमाल मर्यादा १० कोटी रुपये आहे. म्हणजे आधी खरेदी करणारा आणि आधी विक्री करणारा, दोघांनाही कायद्याने सामावून घेतले आहे. फक्त आधी खरेदी करणाऱ्याने जुने घर वर्षभराच्या आत विकले पाहिजे. नवे घर तीन वर्षे विकू नये, अन्यथा सवलत परत घेतली जाते. जुने घर ज्याच्या नावे आहे, त्याचे नाव नव्या घरातही असावे.

विवरणपत्राची अंतिम तारीख, जी पगारदारांसाठी एरवी ३१ जुलै असते, उलटण्यापूर्वी नवे घर घेतले गेले नाही, तर न वापरलेली रक्कम १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेत जमा करावी लागते. बचत खात्यातील शिल्लक किंवा साधी मुदत ठेव येथे चालत नाही. ही तारीख चुकविल्यामुळे सवलत गमावलेले खातेदार मी पाहिले आहेत. या योजनेतून काढलेली रक्कम ६० दिवसांत घरासाठीच वापरावयाची असते.

आणखी तीन गोष्टी संक्षेपाने. घराची किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर ग्राहक १ टक्का कर कापून सरकारजमा करतो. आपल्या उदाहरणात आपल्याला ६२,००० रुपये तेव्हा कमी मिळतील आणि विवरणपत्रात त्यांचे श्रेय मिळेल, तर नव्या घराच्या विक्रेत्याला देताना आपणास ९५,००० रुपये कापून भरावे लागतील. विक्रेता अनिवासी भारतीय असेल, तर हा १ टक्क्याचा नियम लागू होत नाही. कपात बरीच अधिक असते आणि ती कमी करवून घेण्याचे प्रमाणपत्र आधीच मिळवावे लागते. आणि १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे दंडास पात्र आहे, तेव्हा रोखीचा आग्रह धरणाऱ्या ग्राहकास नम्रपणे नकार द्यावा.

महाराष्ट्राबाहेरील वाचकांसाठी

आपले अनेक मराठी खातेदार इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली येथे स्थायिक आहेत. कराचे व बँकांचे वरील नियम देशभर सारखेच आहेत. मुद्रांक शुल्क मात्र राज्यपरत्वे बदलते, ते कोणत्या दस्तावर आणि केव्हा भरावयाचे यातही फरक असतो, आणि काही राज्यांत महिलेच्या नावे खरेदी केल्यास सवलत मिळते. महाराष्ट्रातील वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्याला गुजरातेत जंत्री, मध्य प्रदेशात गाइडलाइन आणि दिल्लीत सर्कल रेट म्हणतात. हा दर व्यवहाराच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असेल, तर विक्रेत्याचा नफा त्या दराने मोजला जातो. कर्नाटक, तेलंगणात बोजा नसल्याचे प्रमाणपत्र निबंधक कार्यालयातून घेण्याची पद्धत आहे. स्थानिक वकिलाचे शुल्क हा तेथे वायफळ खर्च समजू नये.

नवे घर बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात असेल, तर सांगड अधिक अवघड होते, कारण ताब्याची तारीख आपल्या हाती नसते. अशा वेळी जुने घर ताबा जवळ येईपर्यंत ठेवावे किंवा भाड्याची तरतूद करावी. रेरा कायद्याखाली प्रकल्पाची नोंद पाहावी आणि करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. त्यापेक्षा अधिक मागण्याचा त्याला अधिकारच नाही.

शेवटी

डोंबिवलीचे ते दांपत्य दीड वर्षाने पुन्हा बँकेत आले. मधल्या काळात त्यांच्या सोसायटीने खटपट करून भोगवटा प्रमाणपत्र मिळविले होते. या खेपेस शिक्षक महाशयांनी पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. डाव्या पानावर येणाऱ्या रकमा व त्यांच्या तारखा, उजव्या पानावर जाणाऱ्या रकमा व त्यांच्या तारखा. प्रत्येक ओळीपुढे ‘कोणाकडून’ आणि ‘कागद हाती आहे काय’ असे दोन रकाने. ती वही पाहिल्यावर मला विचारण्यासारखा प्रश्नच उरला नाही. नव्वद दिवसांचा व्यवहार एकशे चार दिवसांनी पुरा झाला, पण मुदतवाढ करारातच लिहिलेली असल्याने कोणाचा एक रुपयाही बुडाला नाही.

घराच्या व्यवहारात भावना असतात आणि त्या असाव्यातच. ज्या भिंतीवर मुलांच्या उंचीच्या खुणा केल्या, ती भिंत सोडताना पाऊल अडखळणार. त्या दिवशी मन त्या खुणांपाशी रेंगाळू शकावे आणि धनादेशाच्या काळजीत अडकू नये, एवढ्यासाठी तरी ही वही आधी लिहावी. तिच्या पहिल्या पानासाठी मदत हवी असल्यास आपल्या शाखेतील कर्ज विभागात अवश्य यावे. इसार देण्यापूर्वी आलात, तर आमचा सल्ला आपल्या अधिक उपयोगी पडेल.